प्रोस्टेटचं ऑपरेशन: दुर्बीण, लेझर आणि घाटाअलीकडचे पंधरा दिवस

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार, वय ६६. तीन-चार वर्षं रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. धार बारीक झाली, थांबून थांबून होते. वयाचं म्हणून अंगावर काढलं. यंदा गणपतीत पाचव्या रात्री भजनाला बसलो होतो. सर्दी होती म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली होती. पहाटे लघवी पूर्ण तुंबली. बाहेर पाऊस, रस्ता हा असा. कणकवलीला पोचेपर्यंत जीव नकोसा झाला. नळी घातली तेव्हा ९०० मिली निघाली. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, आठव्या दिवशी नळी काढली. आता टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडच्या गोळीवर लघवी होते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ७२ ग्रॅम, मधला भाग मूत्राशयात वर आलेला, लघवी केल्यावर १८० मिली शिल्लक. किडन्या ठीक, क्रिएटिनिन १.१. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी रक्ततपासणी, मात्र ६.८. तेव्हापासून घरात कोणाला अन्न गोड लागत नाही. चार वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे.

कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने करू. मुलगा मुंबईला घेऊन गेला, तिथे लेझरने, ‘होलेप’ करा म्हणाले. खर्च अडीच पट. गोव्याचा मेहुणा सांगतो, वाफेचं आलंय, एका दिवसात घरी. मंडळी म्हणते, “गोळयेन होता मां, मगे कापाकापी कित्याक?” आणि एक गोष्ट कोणाला विचारलेली नाही. ऑपरेशननंतर नवरा-बायकोचं नातं संपतं असं वाडीत बोलतात. खरं का? आणि करायचंच तर मोहोराच्या आधी उरकेल का?

— एक बागायतदार

उत्तर

नमस्कार. आकडे आणि तारखा नीट लिहिल्यात म्हणून मला नेमकं बोलता येतंय. नाहीतर पुष्कळ पत्रांत फक्त ‘प्रोस्टेट वाढलंय, काय करू’ एवढंच असतं.

आधी पीएसए, कारण तुमच्या घरातलं जेवण त्यावर अडलंय. तुमचं रक्त नळी आत असताना, लघवी तुंबल्यानंतर तिसऱ्या दिवशी घेतलं गेलं. लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला, यांपैकी काहीही घडलं की प्रोस्टेटमधून हे प्रथिन रक्तात जास्त उतरतं आणि काही आठवडे चढलेलं राहतं. त्यात ७२ ग्रॅमची ग्रंथी म्हणजे नेहमीच्या तिपटीएवढी; तिचा पीएसए मुळातच थोडा वर असतो. म्हणून त्या दिवशीच्या ६.८ वरून काहीही ठरवू नका. नळी काढल्याला सहा आठवडे होऊ द्या, लघवीची कल्चर, म्हणजे जंतूंची, तपासणी स्वच्छ आली आहे याची खात्री करा आणि मग पुन्हा रक्त द्या. सर्जनने बोटाने गुदद्वारातून प्रोस्टेट चाचपून पाहिलं का, हे तुमच्या पत्रात नाही. पाहिलं नसेल तर आग्रहाने करून घ्या. दोन मिनिटांची तपासणी आहे, संकोचापायी ती टाळू नका. गाठ कठीण किंवा खडबडीत लागली, किंवा दुसऱ्या वेळीही आकडा चढाच राहिला, तर एमआरआय आणि गरज पडली तर बायोप्सी, आणि ते ऑपरेशनच्या आधी. आणखी एक लक्षात ठेवा: ड्युटास्टेराइड सहा महिने घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. पुढे कधी कोणा नव्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाल तेव्हा ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा, नाहीतर चढलेला आकडाही त्यांना साधा वाटेल.

सर्दीच्या गोळीबद्दलही सांगून टाकतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं. ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. सोबतचं गुंगीचं औषध मूत्राशयाची पिळण्याची ताकद कमी करतं. वाट आधीच अरुंद, वर भजनात रात्रभर लघवी धरून बसणं. माझ्या दवाखान्याच्या वर्षांत गणपती आणि शिमगा या दोन सणांत नळी घालायला येणारे जास्त असायचे, आणि त्यांतल्या कित्येकांच्या खिशात तीच गोळीची पट्टी सापडायची. आता सर्दी झाली तर वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. मेडिकलमध्ये प्रोस्टेटचा त्रास आहे हे सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका.

आता वहिनींचा प्रश्न. तो रास्त आहे. गोळीने लघवी होत असेल तर कापाकापी कशाला? प्रोस्टेट वाढलेल्या बहुतेक पुरुषांना ऑपरेशन कधीच लागत नाही. टॅमसुलोसिन वाट सैल करतं, ड्युटास्टेराइड पाच-सहा महिन्यांत ग्रंथी पाव भागाने आटवतं, आणि यावर वर्षानुवर्षं छान चालणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्हीही तीन वर्षांपूर्वी आला असतात तर मी हेच म्हटलं असतं. पण तुमच्या मूत्राशयातून एका वेळी ९०० मिली निघाली. मूत्राशयात एरवी चारशे-पाचशे मिली मावते. इतका ताणलेला स्नायू आधीच बरीच वर्षं दमत आलेला असतो. गोळी चालू असूनही १८० मिली मागे राहते आहे. एकदा पूर्ण तुंबलेल्यांपैकी पुष्कळांना ती पुन्हा तुंबते, आणि देवगडहून कणकवलीचा तो रस्ता तुम्ही एकदा पाहिला आहे. शिवाय मधला भाग मूत्राशयात वर आला असेल तर तो बुचासारखा तोंडावर बसतो. अशा ठिकाणी गोळीचा जोर कमी पडतो.

ऑपरेशन लगेच करायलाच हवं अशा काही अवस्था असतात. नळी काढली की पुन्हा पुन्हा तुंबणं, मूत्राशयात खडे, वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्त, किडनीवर सूज. तुमच्या बाबतीत अजून यातलं काही नाही. म्हणून हे ऑपरेशन उद्या सकाळी करायचं नाही, पण दोन-तीन वर्षं पुढे ढकलण्यातही शहाणपण नाही. मूत्राशयाचा स्नायू एकदा कायमचा ढिला पडला की पुढे कितीही उत्तम ऑपरेशन केलं तरी धार येत नाही. हे वहिनींना नीट समजावून सांगा. त्यांना सोबत घेऊनच सर्जनकडे जा.

मग दुर्बीण की लेझर?

दोन्ही ऑपरेशनं लघवीच्या वाटेनेच होतात, पोटावर कापत नाहीत, दोन्हींत बहुधा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. दोन्हींत दुर्बीण असते. म्हणून ‘दुर्बिणीचं’ आणि ‘लेझरचं’ ही नावं गोंधळात टाकणारी आहेत. फरक आत काय करतात त्यात आहे, आणि तो तुमच्या घरच्या नारळावरून सांगता येईल.

प्रोस्टेट दोन थरांची असते. बाहेर मूळ ग्रंथीचं कवच, आत वाढलेला मऊ गोळा. ही बाहेरची करवंटी आणि आतलं खोबरं असं समजा. दुर्बिणीच्या जुन्या पद्धतीत, टीयूआरपीमध्ये, सर्जन विजेवर तापलेल्या तारेच्या कडीने आतलं खोबरं खवणीसारखं चकत्या-चकत्यांनी खरवडत बाहेरच्या करवंटीपर्यंत जातो. हे १९३० च्या दशकापासून चालत आलंय आणि आजही नवीन काहीही आलं की त्याची तुलना याच्याशीच करतात. सुक्या नारळाचा गोटा मात्र करवंटीपासून आपोआप सुटलेला असतो, अखंड निघतो. होलेपमध्ये होल्मियम लेझरच्या तंतूने करवंटी आणि खोबरं यांच्यामधला तो नैसर्गिक सांधा शोधून गोटा पूर्ण सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राने शोषून बाहेर काढतात. न्यूझीलंडच्या तौरांगा गावातल्या पीटर गिलिंग या सर्जनने १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली.

यातली मूळ कल्पना लेझरपेक्षा खूप जुनी आहे. पीटर फ्रेयर नावाचा आयरिश डॉक्टर वीसेक वर्षं हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. मूत्राशयातले खडे काढण्यात त्याचा हात बसला तो इथेच. निवृत्तीनंतर लंडनमध्ये त्याने पोटावरून मूत्राशय उघडून बोटाने हा गोटा अखंड सोडवून काढायचं ऑपरेशन सुरू केलं आणि १९०१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माझ्या शिक्षणाच्या काळात मोठ्या प्रोस्टेटला आम्ही तेच करत होतो: पोटावर चीर, बोटाने गोटा, रक्ताच्या दोन-तीन बाटल्या तयार. त्या बोटाचं काम आता लेझर करतो, तेही पोट न उघडता. मला याचं अजूनही नवल वाटतं.

टीयूआरपी साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या प्रोस्टेटला योग्य मानतात. त्याहून मोठी असेल तर खरवडायला वेळ लागतो आणि रक्त जास्त जातं. होलेपला अशी वरची मर्यादा नाही, दीडशे ग्रॅमलाही करता येतं. तुमचे ७२ ग्रॅम म्हणजे टीयूआरपीच्या कुंपणालगत, पण आत. या मापात वर्षभरानंतरची धार आणि समाधान पाहिलं तर दोन्ही ऑपरेशनांत सामान्य माणसाला फारसा फरक जाणवत नाही. फरक मधल्या काळात आहे. होलेपमध्ये रक्त कमी जातं, नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते; टीयूआरपीत दोन-तीन दिवस, कधी जास्त. टीयूआरपीत काही भाग मागे राहतो, तो दहा-पंधरा वर्षांत पुन्हा वाढून काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं. गोटा पूर्ण निघाला की हे क्वचित होतं.

पण होलेपची एक बाजू जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. गोटा सोडवताना लघवी धरून ठेवणाऱ्या झडपेजवळून काम करावं लागतं. पहिले काही आठवडे खोकलं, शिंकलं, वाकलं की लघवी निसटणं हे होलेपनंतर अधिक दिसतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत जातं, शंभरात एखाद-दुसऱ्याचं राहतं. ते कमी व्हावं म्हणून आजपासूनच एक व्यायाम सुरू करा. लघवी मध्येच थांबवायला जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी, कोणाला कळतही नाही. मात्र तो लघवी करताना करू नका.

दुसरी बाजू हाताची. होलेप शिकायला कठीण आहे. सर्जनचा हात त्यावर बसायला चाळीस-पन्नास ऑपरेशनं तरी लागतात असं या विषयातले लोकच सांगतात. मुंबईच्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका: ७०-८० ग्रॅमची होलेप तुम्ही स्वतः महिन्याला किती करता? ज्याचा हात बसलाय तो या प्रश्नाने रागावत नाही. मशीन आठवड्यापूर्वी आलेलं असेल तर मी तुम्हाला कोल्हापूरच्या अनुभवी हाताकडे पाठवीन. वीस वर्षं टीयूआरपी करणारा सर्जन नवशिक्या लेझरवाल्यापेक्षा केव्हाही बरा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुमचं यंत्र बायपोलर आहे का? जुन्या, मोनोपोलर टीयूआरपीत दुर्बिणीतून ग्लायसिनचं पाणी सोडावं लागतं. ते उघड्या रक्तवाहिन्यांतून शरीरात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस बरळायला लागतो, हृदयावर भार येतो. म्हणून तासाभरात ऑपरेशन आटोपावं लागतं, आणि ७२ ग्रॅमला तासाभरात न्याय देणं अवघड. बायपोलरमध्ये साधं सलाइन वापरतात, सोडियम उतरण्याचा तो धोका राहत नाही. स्टेंट असलेल्या माणसाला हा फरक छोटा नाही. यंत्र मोनोपोलर असेल तर मी तिथे तुमचं ऑपरेशन करून घेणार नाही.

स्टेंटचा विषय आलाच आहे तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी घरीच गोळ्या बंद करून आलेला आणि ऑपरेशनच्या आधीच छातीत दुखू लागलेला माणूस मी पाहिला आहे. चार वर्षांपूर्वीचा स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञ बहुधा क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस आधी थांबवायला सांगतात आणि अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवतात. पण ते त्यांनी लिहून द्यायला हवं. तो कागद ऑपरेशन करणाऱ्याच्या फाइलीत लावा. आणि पुन्हा कधी सुरू करायची, ती तारीखही त्याच कागदावर घ्या, कारण नेमकी तीच विसरली जाते. रक्त कमी जाणं हा लेझरचा खरा फायदा तुमच्यासारख्यांनाच सर्वाधिक होतो.

म्हणून माझं मत असं. मुंबईच्या सर्जनचा हात बसलेला असेल आणि मुलाकडे तीन आठवडे राहणं जमत असेल तर होलेपकडे माझा कल. ते जमणार नसेल, किंवा त्यासाठी बागेवर कर्ज काढावं लागणार असेल, तर कोल्हापूरला अनुभवी हाताने केलेलं बायपोलर टीयूआरपी हे तुमच्यासाठी योग्यच ऑपरेशन आहे, त्यात तुमचं काही कमी होत नाही. पैशांचं ठरवण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा आणि हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा. भरती झाल्यावर विचारणाऱ्यांची फार धावपळ होते.

मेहुण्याच्या वाफेबद्दल. ती थाप नाही. ‘रेझूम’ नावाच्या या उपचारात सुईवाटे वाढलेल्या भागात काही सेकंद पाण्याची वाफ सोडतात. तिथल्या पेशी मरतात आणि शरीर दोन-तीन महिन्यांत त्या शोषून घेतं. भूल हलकी, रक्त नगण्य, वीर्याची वाट बहुधा शाबूत. मधला भाग वर आलेला असला तरी करता येतं. पण आधी सूज येते, म्हणून नळी घेऊनच घरी जावं लागतं, काही दिवस, तुंबलेल्या माणसाला कधी दोन-तीन आठवडेही. ‘एका दिवसात घरी’ यात नळीही सोबत घरी येते, हे मेहुण्याला कोणी सांगितलं नसावं. धारेतली सुधारणाही गोटा काढल्याइतकी होत नाही. तुमची पूर्ण तुंबलेली, १८० मिली मागे उरते, मला तुमच्यासाठी पक्का रस्ता हवा आहे.

‘यूरोलिफ्ट’ म्हणूनही एक आहे. वाटेवर आलेल्या फांद्या आपण काथ्याने मागे बांधून ठेवतो, तसे प्रोस्टेटचे दोन्ही बाजूंचे भाग बारीक टाके बसवून मागे ओढून धरतात. कापत काही नाहीत. पण तुमच्या वर आलेल्या मधल्या भागासाठी ते चांगलं नाही, आणि पाच वर्षांत सात-आठांतल्या एकाला पुन्हा काहीतरी करावं लागतं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन प्रोस्टेटचा रक्तपुरवठा तोडणारा उपचार रेडिओलॉजिस्ट करतात. भूल झेपणारच नाही अशा अति वयस्क माणसांना तो वरदान आहे. तुम्ही कलमावर चढून आंबे काढणारे गृहस्थ, तुम्हाला त्याची गरज नाही. ग्रीनलाइट लेझर गोटा काढत नाही, जाळून वाफ करतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवताच येत नाहीत अशांना ते सोयीचं, पण तपासायला मांस उरत नाही. टीयूआरपी आणि होलेपमध्ये निघालेला भाग पॅथॉलॉजीला पाठवतात. तो पाठवला का आणि रिपोर्ट काय आला, हे विचारून घ्या. आणि लक्षात असू द्या, करवंटी मागे राहते, कॅन्सर बहुधा त्याच भागात सुरू होतो, म्हणून ऑपरेशननंतरही पीएसए तपासणं सुटत नाही.

आता जे कोणाला विचारलं नाहीत ते. विचारलंत हे फार बरं केलंत. नातं संपत नाही. ताठरता आणणाऱ्या नसा करवंटीच्या बाहेरून जातात आणि ही ऑपरेशनं करवंटीच्या आत होतात. आधी जी ताठरता होती ती बहुतेकांची तशीच राहते. बदलतं ते वीर्याचं. मूत्राशयाचं तोंड मोकळं केल्यामुळे वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. सुखाची जाणीव होते, बाहेर काही येत नाही. टीयूआरपीनंतर तिघांत दोघांना, होलेपनंतर चौघांत तिघांना किंवा त्याहून अधिकांना हे होतं. त्याने इजा काही होत नाही. वाडीतले जे ‘संपतं’ म्हणतात ते बहुधा हेच, कारण कोणी आधी सांगितलेलं नसतं आणि पहिल्यांदा तसं झालं की माणूस घाबरतो, मग त्या भीतीनेच ताठरता जाते. तुम्हाला मूल व्हायची इच्छा उरलेली नाही, तर तसा हा मोठा प्रश्न नाही. तरी वहिनींना आधी सांगा. सहा आठवडे थांबा, मग घाई न करता सुरू करा. ज्यांना वीर्य पुढे येणंच महत्त्वाचं वाटतं त्यांनी वाफेचा किंवा टाक्यांचा विचार करावा. ती इच्छाही मोठी मानावी, तिची थट्टा होऊ नये.

हे झालं ऑपरेशन थिएटरच्या आतलं. आपल्या कोकणातल्या माणसाला बाहेरचं जास्त सांभाळावं लागतं, आणि ते सहसा कोणी बोलत नाही.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आत जखमेवर खपली धरते. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास ती सुटते आणि तेव्हा काहींना अचानक लाल लघवी होते. बहुतेकांना दोन तांबे पाणी जास्त प्यायलं, अंथरुणावर पडून राहिलं की थांबते. थोड्यांना मात्र गुठळ्या होऊन लघवी पुन्हा तुंबते, आणि मग मूत्राशय मोठ्या सिरिंजने धुवून तीन तोंडांची नळी बसवणारा माणूस जवळ असावा लागतो. माझ्या एका पेशंटचं घाटावर छान ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी घरी आले. बाराव्या दिवशी बागेत गेले. रात्री त्यांना माझ्याकडे आणलं तेव्हा पोट नगाऱ्यासारखं झालेलं. म्हणाले, “डॉक्टरानू, बरा वाटला म्हणान एकच पेटी उचललंय.” घाटात दरड आलेली, वर पाठवायची सोय नव्हती. त्या रात्री चार तास आम्ही गुठळ्या काढत होतो. ते वाचले, पण त्यांच्या बायकोचा दारात उभा असलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून कुठे करायचं हे ठरवताना ऑपरेशनच्या दिवसाबरोबर पुढचे पंधरा दिवस कुठे राहायचं तेही ठरवा. मुंबईला केलंत तर चौथ्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसून गावी यायचं नाही. मुलाकडे पंधरा दिवस तरी राहायचं. कोल्हापूरला केलंत तर तिथे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर गावी या, पण येण्याआधी कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ओरोसला सर्जन कोण आहे, रात्री नळी धुण्याची सोय आहे का, हे मुलाला प्रत्यक्ष जाऊन विचारून यायला सांगा. ऑपरेशनचा कागद, गोळ्यांची यादी आणि तुमच्या सर्जनचा नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. रात्री शोधाशोध नको.

पहिले काही आठवडे जळजळ, घाई, वारंवार लघवी होणारच. बऱ्याच जणांना वाटतं ऑपरेशन फसलं. तसं नसतं, आतली जखम भरून यायला सहा आठवडे लागतात. ताप, थंडी, गुठळ्या, किंवा लघवी अजिबात न होणं, यांपैकी काही झालं तर मात्र थांबू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानेही रक्त सुटतं. पालेभाजी, पपई, भरपूर पाणी, गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून पोट साफ व्हायचं औषध. चार ते सहा आठवडे वजन उचलणं, झाडावर चढणं आणि आपल्या त्या रस्त्यांवरून मोटारसायकल, तिन्ही बंद.

तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय की डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही काढायचा आहे. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातली बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट फाकत नाही, पडदा लुळा पडतो, आणि गोळी थांबवली तरी हा परिणाम लवकर जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी घेत होतो हे आधी सांगा. माहीत असेल तर ते त्याची तयारी ठेवतात.

आता मोहोर. नळी काढल्याला सहा आठवडे झाले की पीएसए, लघवीची कल्चर, धारेचा वेग मोजणारी चाचणी आणि हृदयरोगतज्ज्ञाचा कागद, एवढं एका फेरीत होतं. पीएसए उतरला तर दिवाळीच्या पुढेमागे ऑपरेशन होईल. डिसेंबरच्या शेवटी तुम्ही कलमांत फिरायला लागाल आणि मार्चमध्ये पहिली काढणी डोळ्यांसमोर होईल. पीएसए उतरला नाही तर मोहोराचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि आधी एमआरआय करायचा. या वर्षी फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर द्यायचा ते आत्ताच ठरवा, गडी आयत्या वेळी मिळत नाहीत. दुसऱ्या पीएसएचा आकडा आणि दोन्ही डॉक्टरांनी माझ्या प्रश्नांना दिलेली उत्तरं मला लिहून पाठवा.